पातळ भाकरी

आमच्या घरच्या भाकरी अख्ख्या हसनाबादेत सगळ्यात पातळ होत्या. हे मी कौतुकानं सांगत नाही. लहानपणी त्या भाकरींचा मला मनस्वी राग होता. शेजारी जेवायला बसलं की चांगली जाडजूड, पोटाला आधार देणारी भाकर ताटात पडायची, एक खाल्ली की पोरगं गप्प. आमच्याकडची मात्र अशी की उजेडापुढं धरली तर पलीकडचा माणूस ओळखू यावा. कितीही खाल्ल्या तरी खाल्ल्यासारखं वाटायचं नाही. माय दुरडीभर करायची, आणि मी आणि माझे धाकटे दोघे भाऊ ती दुरडी बघता बघता रिकामी करायचो. "पोटाला काय भोक पडलंय का रे तुमच्या?" असं म्हणत ती पुन्हा परातीत पीठ ओढायची. भाकरी पातळ का, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी आबा मृदंग घेऊन बसले की माय भाकरी थापायला बसायची, आणि आबांचा हात चालू असेपर्यंत तिचाही थांबायचा नाही. भाकर कधीच झालेली असायची, तवा तापून धुपायला लागलेला असायचा, पण माय आपली थापतेच आहे. परातीच्या काठाला लागेपर्यंत थापायची. पीठ संपलं तर रिकाम्या परातीवर थापायची. मला वाटायचं, माणसाला एवढा नाद असू नये.

आबा म्हणजे माझे वडील. शेतकरी माणूस, उभं आयुष्य ज्वारी आणि कपाशीत गेलेलं, पण गावात त्यांना कुणी शेतकरी म्हणत नसे. आबा मृदंगवाले. गावातला सप्ताह असो, कुणाची तेरवी असो, नव्या घराची वास्तुशांत असो, टाळ वाजला की तिथं आबा असायचेच. दिवेलागणीला शेतातून आले की हातपाय धुवायचे, गुळाचा चहा प्यायचे आणि मृदंग घेऊन थेट स्वयंपाकघरात. एवढी मोकळी ओसरी सोडून चुलीपुढं धुरात काहून बसतोस, असं एकदा आत्यानं विचारलं, तर म्हणाले, "चुलीचा शेक लागला की पुडी ताठ राहती." पुडी म्हणजे मृदंगाच्या तोंडावरचं कातडं. आम्हाला ते पटायचं. थंडीच्या दिवसांत तर फारच पटायचं, कारण आम्हीही तिथंच कोंडाळं करून बसलेलो असायचो. एका बाजूला चूल, चुलीपुढं माय, तिच्या समोर भिंतीला टेकून आबा. ठेच्याला मिरच्या भाजल्या की सगळे खोकायचे, आबासुद्धा, पण हात चुकायचा नाही.

माझं दुसरं भांडण मृदंगाशीच होतं. त्याच्या डाव्या तोंडाला, ज्याला धुमा म्हणतात, दर वेळी ओली कणीक थापावी लागते. तिच्याशिवाय त्याला घुमारा येत नाही, रिकाम्या डब्यासारखं वाजतं. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची आणि गाईला घालायची. आता आमच्या घरात गहू म्हणजे सणाचं धान्य. पोळी पाडव्याला, दिवाळीला, नाहीतर जावई-पाहुणा आला तर. पण मृदंगाला रोज. देवाच्या कोनाड्याखाली एक पितळी डबा होता, त्याला 'मृदंगाचा डबा' म्हणत. त्यातल्या पिठाला आम्ही हात लावायचा नाही. माय त्यातलं मूठभर पीठ घेऊन मळायची, मीठ नाही, तेलाचं बोट नाही. मिठानं कातडं बिघडतं आणि तेलानं कणीक धरत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. एकदा मी फणकाऱ्यानं म्हणाले, "गाय पोळी खाती अन् आम्ही भाकर!" माय म्हणाली, "तू घुमून दाखव, तुलाबी देते."

माझं नाव शांता. नाव ठेवणाऱ्याला माझा अंदाजच आला नव्हता. पायाला भिंगरी होती माझ्या. एका जागी बसणं मला जमत नसे, आजही जमत नाही. आता जालन्यात राहते, शाळेतली नोकरी करून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरतात, पण फोन आला की मी उठून घरभर फिरत बोलते. परवा असाच एक फोन आला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन गावाकडचा, समाधानचा. हा किसननानांचा नातू. म्हणाला, "शांताआत्या, आबांच्या नावानं आपण पुरस्कार सुरू करून राह्यलो. संगीताची, संस्कृतीची उभं आयुष्य सेवा केली अशांना. कलावंत बी अन् त्यांना साथ देणारे बी. बॅनरसाठी आबांचा फोटो पाठवा जल्दी." मी म्हटलं, पाठवते. फोन ठेवला आणि या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत बसले. कारण आबांचा एकच बरा फोटो आहे, आणि तो त्यांच्या सत्काराच्या दिवशीचा आहे. त्या दिवसाबद्दल एवढी वर्षं मी कुणाशी नीट बोललेले नाही. म्हणून आता लिहिते आहे.

मी तेव्हा दहावी होऊन घरात बसलेली. पुढं शिकवायचं की उजवून टाकायचं, यावर घरात खल चालू होता. तशात एका संध्याकाळी किसननाना आले. नाना म्हणजे सप्ताहाच्या मंडळाचे कर्तेधर्ते आणि गावच्या भजनात पुढं गाणारे. आबा आणि नाना पोरवयापासूनचे जोडीदार. नानांनी गायचं, आबांनी वाजवायचं. नाना बाजेवर बसले, पाणी प्याले, चहा आला. मोठ्या आवाजात, आबांच्या डाव्या कानाकडं सरकून म्हणाले, "आबा, यंदा सप्त्याच्या शेवटच्या दिशी तुमचा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, फेटा. तालुक्याहून मोठी मानसं येणारेत. उभ्या आयुष्याची सेवा हाये तुमची, गावानं कव्हा तरी केलंच पाह्यजे का न्हाई?"

मायचे डोळे भरून आले. मी तर उडीच मारायची बाकी होते. आबा मात्र बशीतला चहा तसाच धरून बसले. मग म्हणाले, "मंग त्या दिशी वाजवायचं कुनी?"

"तुम्ही खुर्चीवर बसायचं. मान असतोय तो. सत्कारमूर्तीनं काय वाजवायचं असतं व्हय? बघून घेऊ आम्ही कुनीतरी."

"अन् दुसऱ्या दिशी?"

नानांनी चहा एका घोटात संपवला, चटका बसला तरी संपवला, आणि "म्हशी सोडायच्यात" म्हणत उठले. नानांच्या म्हशी त्या वेळी गोठ्यात बांधलेल्या असायच्या, हे मला माहीत होतं.

गोष्ट अशी होती की आबांचा उजवा कान पार गेलेला होता आणि डावाही निघालेला होता. एका तापात सुरुवात झाली, मग हळूहळू वाढत गेलं. घरात आम्ही त्यांच्याशी समोर जाऊन बोलायचो, पण 'ऐकू येत नाही' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. एकदा माझ्या धाकट्या भावानं उच्चारला तर आबांनी पायातलं पायताण हातात घेतलं. घरी वाजवताना त्यांचा हात घड्याळासारखा बराबर चालायचा. देवळात मात्र गेल्या साला-दोन सालांत लय पळायला लागली होती. नाना गाताहेत एका चालीनं, आबा आपले पुढं पुढं, टाळकऱ्यांना कळेना कुणाच्या मागं जावं. गाव आबांना काही बोलत नव्हतं. गावानं मोठ्या मायेनं शालीची घडी शोधून काढली होती. त्या शालीखाली काय आहे ते आबांना पहिल्याच घोटाला कळलं, आणि तेव्हापासून घरात कुणाला चैन पडेना.

आबा ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून ओसरीवर. बैलांना वैरण टाकायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा टाकायचे. "मेलोय का मी? मेल्यावर टाकत असतेत शाल," असं एकदा गाईला म्हणाले. मी त्यांच्या मागं मागं. मायनं मलाच झापलं, "तू का फिरून राह्यली गं? तुहा बी सत्कार हाये का?" माय मात्र शांत होती, म्हणजे हातानं शांत होती. संध्याकाळ झाली की कणीक मळायची, आबा वाजवायचे, ती थापायची.

सप्ताह जवळ आला तसा गावातून जीपवर भोंगा फिरला. आमच्या गल्लीत आला तेव्हा आबा दारातच उभे होते. भोंगा सांगत होता, आबांचा भव्य सत्कार, सर्वांनी लाभ घ्यावा. आणि त्याला जोडूनच, मृदंगसाथ, टेंभुर्णीचे दत्ता महाराज. बायका दारात येऊन आमच्याकडं बघत होत्या. आबांनी मायकडं वळून विचारलं, "काय म्हनून राह्यलेत?"

"तुमचंच नाव घिऊन राह्यलेत," माय म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

पण जीपच्या मागं कापडी फलक बांधलेला होता, त्यावर रंगानं सगळं लिहिलेलं. आबांचे कान गेले होते, डोळे शाबूत होते. जीप वळली तशी त्यांनी ओळन् ओळ वाचली. वाचून झाल्यावर घरात आले, मृदंगावरचं फडकं काढलं, पुन्हा घातलं आणि मृदंग उचलून धान्याच्या कोठीमागं ठेवून दिला. 

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पहिल्यांदा मृदंग नव्हता. मायनं चूल पेटवली, पीठ घेतलं, भाकर थापली, तव्यावर टाकली. चट झाली. दुसरी टाकली. तीही चट झाली. ताटात आली तेव्हा धाकटा म्हणाला, "माय, आज भाकर किती जाड झाली गं!" इतर लोकांच्या घरी होते तशीच होती ती. जिच्यासाठी मी इतकी वर्षं कुरकुर केली ती भाकर माझ्या ताटात होती आणि माझ्या घशाखाली उतरत नव्हती. आबा अर्धी खाऊन पाणी प्याले. माय चुलीकडं तोंड करून बसलेली. मला रडू आलं आणि रागही आला. नानांचा आला, त्या टेंभुर्णीच्या दत्ता महाराजाचा आला. तोवर मी त्याला बघितलंही नव्हतं. पण मनातल्या मनात मी त्याला मोठं पोट आणि वाईट दात देऊन टाकले होते.

सत्काराच्या आदल्या दिवशी आष्टीहून आत्या आली, आबांची थोरली बहीण. एसटीतून उतरली तीच बोलत. "माह्या भावाचा सत्कार हाये अन् घरात ह्ये काय सुतक पडल्यावानी? ऊठ रे, दाढी कर." आबांना धाक असेल तर तिचाच. तिनं त्यांना नवं धोतर नेसवलं, टोपी काढून ठेवायला लावली, फेटा बसणार म्हणून. सकाळी सगळे निघायच्या गडबडीत, आणि माय चुलीपाशी पितळी डबा काढून कणीक मळत बसलेली. आबा दारातून म्हणाले, "कशाला मळून राह्यलीस? मला खुर्चीवर बसायचंय आज. खुर्चीला लावू का?"

"रोज मळते, आजबी मळते. तुम्हाला काय करायचंय?"

"वयनी, अगं लुगडं खराब हुईल," आत्या म्हणाली. मायनं गोळा ओल्या फडक्यात बांधला, रिकाम्या केलेल्या पितळी डब्यात ठेवला, डबा पदराखाली घेतला आणि निघाली. मी तिच्या शेजारून चालत होते. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं आणि विचारायची छातीही नव्हती.

देवळापुढं मांडव होता. एका अंगाला गडी माणसं, दुसऱ्या अंगाला बायका, मधे दोरी. मागं महाप्रसादाच्या कढया चढलेल्या, बुंदीचा वास सुटलेला, पुऱ्यांसाठी बायका परातीत कणकेचे डोंगर मळत होत्या. स्टेजवर खुर्च्या. आबांना फेटा बांधला तो कानांवरून बांधला, म्हणजे होतं तेवढंही ऐकू यायचं बंद. भाषणं झाली. तालुक्याच्या पाहुण्यांनी आबांचं नाव दोनदा चुकवलं. आबा समोर बघत बसलेले, शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, आणि बोटं नारळावर चालू. ती बोटं मला तिथून दिसत होती. त्यांना एका जागी बसवलेलं बघून माझेच पाय शिवशिवायला लागले.

मग भजन सुरू होणार म्हणून दत्ता महाराज पुढं आला. कसला महाराज, मिसरूड फुटलेला पोरगा होता! दात चांगले होते. आधी येऊन आबांच्या पायावर डोकं ठेवलं, ते नुसतं शिवल्यासारखं नाही, नीट ठेवलं. माझा राग तिथंच थोडा लंगडा झाला. तो मृदंग घेऊन बसला आणि मागं वळून कणीक मागितली. मंडळाच्या माणसानं मोठ्या तत्परतेनं मांडवामागं जाऊन पुऱ्यांच्या परातीतला गोळा आणून दिला. आता पुऱ्यांची कणीक म्हणजे मीठ आणि तेलाचं मोहन. पोरानं धुम्यावर थापली, हात मारला, गोळा सुटून मांडीवर. पुन्हा थापली, पुन्हा सुटली. त्यानं वास घेतला आणि कपाळाला हात लावला. नाना हार्मोनियमवाल्याला सूर धरून ठेवायला सांगताहेत, पाहुणे घड्याळ बघताहेत. बायका हसल्या. "अगं बया, पुरी लावली व्हय मिरदंगाला!" आत्या म्हणाली.

मायनं पदराखालून डबा काढला, फडकं सोडलं आणि गोळा माझ्या हातात ठेवला. "जा, दिऊन ये."

"कुनाला?"

"जा म्हनलं ना."

मी दोरीखालून गेले, स्टेजवर चढले. एका बाजूला तो पोरगा हात पुढं करून बसलेला, दुसऱ्या बाजूला आबा खुर्चीवर. हातातला गोळा गार, मऊ, घरच्यासारखा. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता आणि मला, शांताला, आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलेना. आबांनी माझ्या हाताकडं बघितलं. गोळा कुणी मळलाय ते त्यांना सांगायची गरज नव्हती. नारळ खुर्चीवर ठेवला, खाली आले, माझ्या हातातून कणीक घेतली आणि त्या पोरासमोर मांडी घालून बसले. स्वतःच्या हातानं धुम्यावर थापली, पाण्याचं बोट फिरवलं, कडा सारखी केली. एक थाप मारली. असा घुमारा निघाला की मागं पुऱ्या लाटणाऱ्या बायका थांबल्या. पोरानं काय करावं? त्यानं मृदंग उचलून आबांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला सरकला.

नानांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि गायला सुरुवात केली. पहिलं चरण झकास गेलं. मांडवात माना डोलायला लागल्या, मला वाटलं, जिंकलं! दुसऱ्या चरणाला आबांचा हात सुटला. नाना मागं राहिले. टाळकऱ्यांतले अर्धे इकडं, अर्धे तिकडं. आबांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते डोळे मिटून, मान हलवत, मोठ्या आनंदात पळत सुटले होते. तो आनंद बघवत नव्हता. लोकांनी खाली बघायला सुरुवात केली. पाहुण्यांपैकी एकजण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलून हसला. नानांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, पण ते गाणं सोडेनात, कारण त्यांनी सोडलं असतं तर आबा एकटेच वाजवत राहिले असते, भर मांडवात. मी स्टेजच्या कडेला उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

आणि माय उठली. दोरी ओलांडली. मी पोर म्हणून खपून गेले होते, पण आमच्या गावात सप्ताहाच्या मांडवात लग्न झालेली बाई त्या दोरीच्या पलीकडं गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. "वयनी!" आत्या ओरडली. माय गड्यांच्या मधून वाट काढत थेट स्टेजपुढं आली, आबांच्या समोर जमिनीवर बसली, पितळी डबा मांडीवर उपडा घातला आणि त्यावर तळहात थापायला लागली. थप, थप, थप. नानांच्या गाण्याच्या चालीनं, संथ. आबांनी डोळे उघडले. समोर मायचा हात. तो हात वर गेला, खाली आला. आबा बघत राहिले आणि त्यांचा हात अडखळला, मंदावला, आणि तिच्या हाताला येऊन मिळाला. मागून टाळ मिळाले. नानांनी मोकळा श्वास घेतला आणि असा वरचा सूर लावला की काय सांगू.

तेव्हा मला चुलीचं कळलं. पुडीला शेक बिक काही नव्हता. आमच्या घरात रोज संध्याकाळी जी लय चालायची ती मायच्या हातात होती, आणि आबा ती डोळ्यांनी ऐकत होते. म्हणून तिचा हात थांबायचा नाही. म्हणून भाकर परातीच्या काठाला लागायची. इतकी वर्षं मी ज्या भाकरींना नावं ठेवली त्या तशा का होत्या, ते मला भर मांडवात, हाताला कणीक लागलेली असताना कळलं. भोकरदनहून आलेल्या फोटोवाल्यानं नेमका त्याच वेळी फोटो काढला.

अभंग संपला. सिनेमात असतं तर आबांनी उठून शाल मायच्या अंगावर घातली असती. तसलं काही झालं नाही. आबांनी मृदंग उचलला, त्या पोराच्या मांडीवर ठेवला, "घे. आता तू," म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसायच्या ऐवजी टाळकऱ्यांच्या ओळीत मागं जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी उठवलं नव्हतं. पोरगा चांगला वाजवत होता. आबा त्याच्या हाताकडं बघत टाळ धरत होते आणि पार शेवटपर्यंत उभे होते. माय तोवर दोरीच्या पलीकडं परत गेली होती. आत्या तिला म्हणत होती, "अगं लाज न्हाई वाटली का गं तुला?" आणि डोळे पुसत होती.

घरी आल्यावर आबांनी फेटा खुंटीला अडकवला आणि चहा मागितला. संध्याकाळी कोठीमागचा मृदंग काढला, सत्काराच्या शालीनं पुसला. पुढं ती शाल कायमची मृदंगाची खोळ झाली. देवळात ते पुन्हा वाजवायला बसले नाहीत, पण चुलीपुढची बैठक त्यांच्या हातात जीव होता तोवर मोडली नाही. त्या संध्याकाळी भाकर पुन्हा पातळ झाली. आबा गोठ्यात गेले तेव्हा मी मायला विचारलं, "तुला ठाऊक होतं? आबा तुह्या हाताकडं बघून वाजवतेत म्हनून?"

"मंग काय चुलीकडं बघून वाजवतेत?"

"कव्हापासून?"

ती तवा पुसत होती. म्हणाली, "नवी नवरी होते तव्हा त्यांच्या हातावर मी थापायची, गंमत म्हनून. मंग कव्हा ते माह्या हातावर वाजवायला लागले, ते मलाबी कळलं न्हाई." आणि मग, माझ्याकडं न बघता, "कुनाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आबा गेले, माय गेली, नाना गेले. काल मी तो फोटो समाधानला पाठवला. लगेच फोन आला. मी फिरत फिरतच उचलला.

"आत्या, ह्यात आबा कॅमेऱ्याकडं बघून न्हाई राह्यले. खाली कुनीकडं तरी बघायलेत. सरळ बघत असलेला दुसरा न्हाई का?"

"न्हाई. अन् तो बिलकुल कापायचा न्हाई. खाली कोपऱ्यात एक हात दिसतोय बघ, पितळी डब्यावरचा."

"व्हय, आलाय खरा कुनाचा तरी. तेवढा काढून टाकू म्हनलं."

मी चालता चालता थांबले. म्हटलं, "समाधान, तो हात माह्या मायचा हाये. पुरस्कार दोघांच्या नावानं द्यायचा असंल तर फोटो ठेव, न्हाईतर परत पाठव." माझा आवाज चढला होता, शेजारीण खिडकीत आली. पोरगं घाबरलं. "बराबर हाये आत्या, तसंच करू की. दोघांचं नाव टाकू." मग संकोचून म्हणाला, "आजीचं नाव काय व्हतं?"

त्यात त्याचा काही दोष नव्हता. नाना तिला वैनी म्हणायचे, आत्या वयनी म्हणायची, गाव 'मृदंगवाल्याच्या घरची' म्हणायचं, आबा नुसतंच 'अगं'. मलाच तो शब्द तोंडातून काढायला वेळ लागला.

"कौसाबाई," मी म्हणाले. "लिहून घे. कौसाबाई."

"कौसाबाई," त्यानं लिहिता लिहिता म्हटलं. "अन् आबांच्या नावापुढं मृदंगवादक लिवलंय, तसं ह्यांच्या पुढं काय लिवू? काय वाजवायच्या त्या?"

"भाकर," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. मग तोही थांबला, आणि पलीकडून त्याच्या लिहिण्याचा आवाज आला.